मधला दम

आमच्या घरात 'गेम' हा शब्द अजूनही थोडा शिवीसारखाच वापरतात. 'डोळे जातील', 'झोपेचं खोबरं होईल' आणि शेवटी 'अरे, तिशी उलटली तुझी!' तरीही मी आज एका गेमबद्दलच लिहिणार आहे.

गेमचं नाव 'सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस'. जपानच्या 'फ्रॉमसॉफ्टवेअर'ने तो मार्च २०१९मध्ये आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. एक हात गमावलेला शिनोबी आपल्या लहानग्या धन्याला सोडवायला निघतो, एवढीच सुरुवात. रक्तपात भरपूर, त्यामुळे अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठीचं रेटिंग आहे. बच्चेकंपनीला दूरच ठेवा. सोपं, मध्यम, कठीण अशी निवड इथे नाहीच. सगळ्यांना एकच परीक्षा.

मी अडकलो अशिना गडाच्या माथ्यावर, गेनिचिरोपाशी. किती वेळा मेलो ते साठनंतर मोजणं सोडलं.

इतर गेममध्ये माझी युक्ती ठरलेली : एक वार करायचा, पळायचं, दम खायचा, परत यायचं. इथे ती चालत नाही. प्रत्येक योद्ध्याला जिवाबरोबर 'तोल'ही असतो. समोरच्याचा वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं, की 'ठण्ण' आवाज होतो, ठिणगी उडते आणि त्याचा तोल ढळतो. नुसतीच तलवार आडवी धरून उभं राहिलं, तर आपलाच ढळतो. आणि लांब पळालं, तर तो सावरतो. मघाची मेहनत पाण्यात. त्याने तलवार भोसकायला काढली, की उत्तम उत्तर म्हणजे त्या टोकाच्या दिशेनेच पाऊल टाकणं!

पळणं ही माझी जुनी सवय. सातवीत तबल्याच्या परीक्षेत नापास झालो आणि 'मला आवडत नाही' असं सांगून मोकळा झालो. शिकवत होते बाबाच. ते काही बोलले नाहीत. तबला माळ्यावर गेला. पुढे जे पहिल्या झटक्यात जमलं तेच मी 'आवडतं' म्हणत आलो. हा गेमही काढून टाकणार होतो.

जानेवारीतली रात्र. भोपाळची थंडी तुम्हाला माहीतच आहे. हेडफोन बिघडल्यामुळे आवाज स्पीकरवर होता. शाल गुंडाळून बाबा दारात आले. वाटलं, आता बोलणी बसणार. ते येऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. मी दोनदा मेलो.

"तू घाई करतोस," ते म्हणाले. "दमदार तिहाईसारखं आहे हे. मधे दम आहे, तोच तू खातोस."

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. दमदार तिहाईत त्या तुकड्यांच्या मधे थोडं थांबायचं असतं. मला सातवीत जमलं नव्हतं ते हेच.

पुढच्या खेपेला मी पडद्यापेक्षा कानांकडे जास्त लक्ष दिलं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण... थांब... ठण्ण. "इतनी जल्दी काहे की, मियाँ?" मागून बाबा. त्या रात्री जिंकलो नाही, पण पहिल्यांदाच मरताना चिडलो नाही. उलट कुठे चुकलो ते ऐकू आलं होतं.

गेनिचिरो पडला त्यानंतर नऊ दिवसांनी. बाबांना उठवून सांगितलं. "मग, संपला गेम?" "छे, अजून बरंच आहे." ते हसले आणि कूस बदलून झोपले.

त्या रविवारी मी माळ्यावर चढलो. डग्ग्याचं चामडं फाटलेलं, तबल्याच्या वाद्या सैल. दुरुस्तीला टाकून आणला. आता रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास बसतो. बोटं ताठ झालीत, दुप्पट घेतली की लय सुटते. बाबा अजूनही डोळे मिटूनच ऐकतात. मी चुकलो की हाताने टाळी देत म्हणतात, "हं, पहिल्यापासून."