अमरावतीभोवतीचे दगड, डोंगर आणि पाणी

प्रेक्षणीय स्थळ म्हटले की आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला चिखलदरा आठवतो, फार तर लोणार आठवते, आणि मग तो गप्प बसतो. गावाभोवती पाहण्यासारखे काय आहे, असे नांदगावात कोणाला विचारले तर तो खंडेश्वराचे देऊळ दाखवील, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण देऊळ पाहून झाल्यावर त्याकडे पाठ करून उभे राहावे आणि देऊळ ज्या भुईवर उभे आहे ती भुई पाहावी, असे मात्र कोणी सांगत नाही. आज आम्ही तेवढेच सांगणार आहोत. नांदगावपासून सातपुड्यापर्यंत जी निसर्गस्थळे पसरली आहेत, ती रविवारच्या सहलीची सुटी सुटी ठिकाणे नव्हेत. आपल्या विहिरींना पाणी किती आणि कसे लागेल, याचा निकाल बहुतांशी तिथेच लागतो.

खंडेश्वरापासूनच सुरुवात करू. येथील शिलालेख शके ११७७ चा, म्हणजे इसवी सन १२५४-५५ च्या सुमाराचा, यादव राजा कृष्णदेव याच्या काळातला. आपण या देवळाला सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री पंडित अधिकारावर आला तो महादेव यादवाच्या काळी, १२६० नंतर. तेव्हा हे नाव शैलीचे समजावे, बांधणाऱ्याचे नव्हे. हे जाता जाता सांगितले. आमचे लक्ष आहे ते देवळाच्या दगडाकडे. तो काळा पाषाण दूरच्या खाणीतून आणण्याचे कारणच नव्हते, कारण तो इथे पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा रस आला आणि तोही थिजला. असे थरावर थर बसून दख्खनचे पठार झाले. आपल्या वावरातली काळी माती ही या दगडाचीच झीज. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून चिकट होते.

या दगडाचा एक गुण विहीर खणणाऱ्याला पुरता ठाऊक असतो. घट्ट काळ्या कातळात पाणी नसते. पाणी असते ते वरच्या मुरमात, कातळाच्या चिरांत, आणि दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या भुसभुशीत पट्ट्यात. म्हणून एका धुऱ्यावर विहिरीला भरपूर पाणी लागते आणि शेजारच्या वावरात सुरुंग लावूनही कोरडा दगडच निघतो. लोक याला नशीब म्हणतात. नाल्याच्या दरडीत किंवा रस्ता फोडलेल्या ठिकाणी हे थर उघडे पडलेले असतात. ते नीट पाहावे, म्हणजे नशिबाचा बराचसा भाग डोळ्यांना दिसतो.

आता पाणी जाते कोठे? आपल्या तालुक्यातली बेंबळा यवतमाळ जिल्ह्यात शिरून वर्धेला मिळते. वर्धेचे पाणी पुढे प्राणहितेवाटे गोदावरीत आणि शेवटी पूर्वेच्या समुद्रात जाते. तासाभराच्या वाटेवर अमरावती आहे. तेथील अंबा नाल्याचे पाणी पेढीत, पेढीचे पूर्णेत, पूर्णेचे तापीत आणि तापीचे पश्चिमेच्या समुद्रात. एकाच जिल्ह्यातले दोन शेजारी, पण सांडपाणी टाकतात दोन वेगळ्या समुद्रांत! या दोहोंच्या मध्ये पाणी वाटून देणारी कड आहे. तिचा सहज दिसणारा भाग म्हणजे अमरावतीच्या पूर्वेस पसरलेल्या पोहरा-मालखेडच्या टेकड्या. बडनेऱ्याहून चांदूरकडे जाणारी आगगाडी टिमटाळा, मालखेड ही स्टेशने घेत ही कड ओलांडते, आणि डब्यात बसलेल्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. टेकड्या डोंगर म्हणण्याइतक्या उंच नाहीत, हेच त्यांचे दुर्दैव. उंच असत्या तर त्यांच्यावर एखादा ‘पॉइंट’ झाला असता आणि लोकांनी त्यांना जपले असते.

या टेकड्यांवर सागाचे पानगळीचे रान आहे, त्यात बिबट्याचा वावर आहे, आणि पायथ्याशी वडाळीचा व छत्री तलाव आहे. हे तलाव इंग्रजी अमदानीत शहराला पाणी मिळावे म्हणून बांधले गेले. नौकाविहार हा नंतरचा शौक. तलाव का भरत असे, हे समजण्यासाठी काठावर भेळ खाऊन भागत नाही, वरच्या रानात चढावे लागते. रानात पालापाचोळ्याचा थर असला म्हणजे पावसाचे पाणी धावत नाही, थबकते, मुरमात उतरते आणि सावकाश झिरपत खाली येते. टेकडी उघडी केली, मुरूम उकरून नेला, गिट्टीसाठी कडा फोडला, की तेच पाणी गढूळ होऊन एका तासात तलावात उतरते आणि सोबत गाळ आणते. तलाव आटला म्हणून पावसाला बोल लावण्याआधी एकदा टेकडीकडे पाहणे न्यायाचे होईल.

शहराने यावर तोडगा काढला तो दूरचा. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धेवर मोठे धरण झाले, ऊर्ध्व वर्धा, ज्याला नल-दमयंती सागर असेही म्हणतात. आणि अमरावतीकर त्याचे पाणी पिऊ लागले. म्हणजे आज अमरावतीच्या नळाला गोदावरीच्या खोऱ्यातले पाणी येते आणि वापरून झाले की ते तापीच्या खोऱ्यात सोडले जाते. निसर्गाने घातलेली कड माणसाने नळाने ओलांडली. सोय झाली यात शंका नाही. मात्र दारातले तलाव लागेनासे झाले, आणि जे लागत नाही त्याकडे लक्षही राहत नाही.

पश्चिमेस उतरले की पूर्णेचे मैदान लागते. इथे प्रेक्षणीय असे काही नाही असे म्हणतात, आणि दृष्टी नुसती डोंगर शोधीत असेल तर खरेच नाही. पण पायाखाली काय आहे ते ध्यानात घ्या. नांदगावला काही हातांवर लागणारा कातळ इथे गाळाखाली दडला आहे, काही ठिकाणी तीनशे मीटरांपेक्षाही खोल! हा सारा पूर्णा आणि तिच्या उपनद्यांनी आणलेला गाळ. आणि त्यातले बरेच पाणी खारट. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा. पूर्वी दहीहंडा भागात विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत. आज तिथले लोक मिठासाठी नव्हे, गोड्या पाण्यासाठी झुरतात, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार त्या गावांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. पट्ट्यातल्या एखाद्या गावी गेलात तर तेथील पाण्याचा एक घोट मागून पाहा. भूगोलाचा तेवढा धडा कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

मैदान संपते तिथे सातपुड्याची भिंत एकदम उभी राहते. भिंत हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. गाविलगडच्या रांगेच्या पायथ्याने भूकवचाला एक प्रचंड तडा गेलेला आहे. तड्याच्या उत्तरेकडचा भाग वर उचलला गेला, दक्षिणेकडचा खाली बसला आणि गाळाने भरला. म्हणून तिकडे चिखलदऱ्याजवळचे वैराट ११७८ मीटर उंच, आणि इकडे पूर्णेचे सपाट मैदान. भीमकुंडाच्या कड्यावर उभे राहून आपण जी खोल दरी पाहतो तिच्यात थिजलेल्या रसाचे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. चिखलदऱ्याबद्दल, तिथल्या कॉफीबद्दल आणि १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेल्या गाविलगडाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही पुढे जातो.

पायथ्याशी डोंगरातून आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा एक पट्टा आहे. डोंगरावरचा पाऊस या गोट्यांतून झपाट्याने खाली मुरतो आणि जमिनीत साठतो. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांना या साठ्याचा मोठा आधार. परंतु साठा मुरण्याच्या वेगाने भरतो आणि बोअरच्या वेगाने रिकामा होतो. त्यामुळे हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशाचे म्हणून सरकारी नोंदीत आले. बागा वाळताना पाहिलेल्या माणसाला हा तपशील अधिक सांगण्याची गरज नाही.

या तड्यानेच आणखी एक गोष्ट उघडी केली. मोर्शीच्या उत्तरेस, मध्यप्रदेशाच्या सीमेवर, माडू नदीकाठी सालबर्डी आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, आणि प्राचीन कोरीव लेणीही आहेत. तिथे काळ्या पाषाणाखालचे जुने थर वर आले आहेत: वालुकाश्म, चुनखडीचे दगड. काळा रस पसरण्यापूर्वीची ही भूमी. अमरावती विद्यापीठाच्या संशोधकांना तिच्यात डायनोसॉरची हाडे सापडली.

त्याच टापूत, सीमेपलीकडे बैतुल जिल्ह्यातल्या धारूळ गावाजवळ, २००७ च्या जानेवारीत डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या पाच निसर्गप्रेमी सोबत्यांना वालुकाश्माच्या कपारींत रंगवलेली चित्रे दिसली. हे कोणी पुराणवस्तू खात्याचे अधिकारी नव्हते, डॉ. इंगोले तर अभियंते. रानात हिंडण्याची हौस, एवढेच भांडवल. पुढे वर्षानुवर्षे तेच डोंगर धुंडाळून त्यांनी शेकडो कपारी नोंदविल्या. हत्ती, वाघ, हरणे, शिकारी माणसे. काही प्राणी तर आजच्या रानातल्या कोणत्याही प्राण्याशी जुळत नाहीत आणि त्यांवर वाद चालू आहे. अशा रुंद कपारी वालुकाश्मात सहज होतात, काळ्या पाषाणात क्वचित. म्हणून चित्रे तिथे आहेत आणि आपल्या टेकड्यांवर नाहीत. गुराखी या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या जात होते, त्यांनी चित्रे पाहिलीही असतील. त्यांना विचारायला मात्र तोवर कोणी गेले नव्हते.

जायचे तर केव्हा? दगड पाहायचा असेल तर याच दिवसांत, फाल्गुन-चैत्रात. पाने गळालेली असतात, पळस पेटलेला असतो, मोह टपटपत असतो आणि टेकडीची हाडे न् हाडे दिसतात. पाणी पाहायचे असेल तर श्रावणात जावे, आणि त्याच नाल्यापाशी दोनदा जावे. रानात शिरताना वनखात्याची परवानगी आधी काढावी, पोहऱ्याच्या बाजूला अंधार पडण्यापूर्वी परतावे, आणि वाट विचारायची ती गुराख्याला. चित्रांच्या कपारीत गेलात तर चित्र ठळक दिसावे म्हणून त्यावर पाणी शिंपडू नका. फोटोच्या लोभाने माणसे तसे करतात, आणि प्रत्येक शिंपडण्यासरशी रंगाचा थोडा कण खाली येतो.