लढणाऱ्या बाईला घर हवेसे वाटले तर?

सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर हाणामारीचे इंग्रजी सिनेमे हिंदीत लागतात. पोरे आवडीने पाहतात. जेवता जेवता आपणही पाहतो. आता त्यांत बायकाही बंदूक चालवतात, गुंडांना लोळवतात. बरे वाटते. पण अशा बाईला मूल हवे, घर हवे असे दाखवले की वाद सुरू होतो. कुणी म्हणते, शेवटी बाईला चूलच आठवली! आमच्या मते प्रश्न इतका सोपा नाही.

१९८६ साली जेम्स कॅमेरून यांचा ‘एलियन्स’ आला. त्यातली रिप्ली अंतराळात ५७ वर्षे झोपून राहते. जागी होते तेव्हा पृथ्वीवर ठेवलेली तिची लेक म्हातारी होऊन, ६६ व्या वर्षी वारलेली असते. हा प्रसंग तेव्हा चित्रपटगृहात दाखवला नव्हता; नंतरच्या लांब आवृत्तीत तो आला. पुढे रिप्लीला न्यूट नावाची अनाथ पोर भेटते. सगळी वसाहत स्फोटात उडणार हे ठाऊक असूनही ती न्यूटला आणायला परत आत जाते. अवजड माल उचलण्याचे यंत्र चालवणे तिला येते. शेवटी त्याच यंत्रात उभी राहून ती लढते. माया लागली म्हणून तिची हिंमत गेली नाही. या भूमिकेसाठी सिगॉर्नी वीव्हर यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

आता २०१५ चा ‘अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’ पाहा. नताशा ऊर्फ ब्लॅक विडो हिला ‘रेड रूम’मध्ये मारेकरी म्हणून घडवलेले असते. कामगिरीपेक्षा मोठे काही वाटू नये म्हणून तिथे मुलींचे ऑपरेशन करून त्यांना मूलच होऊ देत नाहीत. हे सांगताना नताशा स्वतःलाही राक्षसांत मोजते. त्यावर फार टीका झाली. मूल न होणारी बाई म्हणजे राक्षसीण काय? काहींनी म्हटले, तिचा रोख तिने केलेल्या खुनांकडे होता. पण त्याच सिनेमात तिचा साथीदार हॉकआय याला बायको, मुले, शेतावरचे घर आहे. त्याला कुणी विचारत नाही की तू लढवय्या की बाप?

२०२१ च्या ‘ब्लॅक विडो’त हेरगिरीसाठी रचलेले एक खोटे कुटुंब आहे. धाकट्या येलेनाला मात्र तेच खरे वाटत आले. रिप्ली-न्यूटसारखेच तिथेही नाते रक्ताचे नाही, जिव्हाळ्याचे आहे.

म्हणजे बाईने घर मागणे हा गुन्हा नव्हे, आणि न मागणे हाही नव्हे. निर्णय तिचा होता का, एवढेच विचारावे. रेड रूमने तो हिसकावून घेतला. दोष रेड रूमचा, नताशाचा नव्हे.

वाचकहो, सिनेमावाल्यांना बोलणे सोपे आहे. लग्नकार्यात मूलबाळ नसलेली बहीण दिसली की आपण काय विचारतो? नोकरी करणाऱ्या सुनेला काय ऐकवतो? आम्हीही कार्यालयातल्या एका भगिनीला एकदा “गोड बातमी कधी?” असे विचारले होते. ती हसली आणि फाईल उचलून निघून गेली. तिच्या मनात काय होते, ते आम्हाला फार उशिरा उमगले.

पुढच्या सुट्टीला असा सिनेमा लागला तर मुलामुलींना जवळ बसवा आणि विचारा, या बाईच्या आयुष्याचा निर्णय कोण घेते आहे? मग तोच प्रश्न आपल्या घरालाही विचारा.