मुखपेशींतील सूक्ष्मकेंद्रक : धूम्रपानाच्या हानीचे वाचन

तंबाखू आणि मुखकर्करोग यांच्या संबंधाची चर्चा भारतात जुनी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. असा आढावा रोग जडल्यानंतरचाच असतो. रोगापूर्वीची हानी ओळखावयाची, तर रुग्णाकडे नव्हे, पेशीकडे पाहावे लागते.

तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी द्रव्ये पेशीतील डीएनएला इजा करतात. पुढे पेशीचे विभाजन होताना गुणसूत्राचा तुटलेला तुकडा, किंवा क्वचित अख्खे गुणसूत्र, मागे राहते. मुख्य केंद्रकात त्याला स्थान मिळत नाही. त्याच्याभोवती निराळे आवरण तयार होऊन एक चिमुकला गोळा बनतो. हेच सूक्ष्मकेंद्रक. ही घटना गालाच्या आतील त्वचेच्या तळच्या थरात घडते. तेथील पेशी साधारण एक ते तीन आठवड्यांत पृष्ठभागावर येतात. म्हणून आज खरवडून घेतलेली पेशी गेल्या काही आठवड्यांची साक्ष देते.

कृती साधी आहे. तोंड धुतल्यावर गालाची आतील बाजू मऊ ब्रशाने हलकेच खरवडतात, पेशी काचपट्टीवर पसरून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे दोन हजार पेशी तपासतात. १९८०च्या दशकात कॅनडातील हान्स स्टिख आणि मिरियम रोझिन यांनी विडा-तंबाखू खाणाऱ्यांच्या अभ्यासात ही पद्धत रूढ केली.

अडचण आहे ती वाचनाची. जिएम्सासारखे रंजक डीएनएखेरीज इतर द्रव्येही रंगवते. धूम्रपानाने त्वचा राठ झाली की तीत केराटिनचे कण वाढतात आणि ते हुबेहूब सूक्ष्मकेंद्रकासारखे भासतात. हस्तलिखितावरील डाग मात्रा म्हणून वाचला जावा, तसाच हा प्रमाद होय. १९२४ साली पुढे आलेली फॉयल्गेन पद्धत केवळ डीएनए रंगवते. म्हणून तिचे वाचन अधिक विश्वसनीय ठरते. अनेक देशांतील नोंदी एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सूक्ष्मकेंद्रकांची स्पष्ट वाढ दिसली ती दिवसाला चाळीस वा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांतच. याचा अर्थ कमी धूम्रपान निर्धोक आहे असा नव्हे. या चाचणीची नजर तेवढीच तीक्ष्ण आहे, एवढाच.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९७९ साली दिल्लीत पेशीविज्ञानाचे संशोधन केंद्र स्थापिले. तीच संस्था आज नोएडात कर्करोग प्रतिबंधाचे कार्य करते. या परिसरात अशी तपासणी करताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. दूषित हवाही पेशींना इजा करू शकते. म्हणून ओढणाऱ्यांची तुलना त्याच वस्तीतील न ओढणाऱ्यांशीच व्हावयास हवी.

सूक्ष्मकेंद्रक एखाद्या व्यक्तीचे भवितव्य सांगत नाही. समूहाला पोचणारी इजा मात्र ते गाठ दिसण्यापूर्वी दाखवू शकते. तेव्हा सवय सोडण्यास अवधी असतो, हेच या वाचनाचे प्रयोजन.