बाळाला बोट का लागत नाही?

मुंबई बंदर मागे पडतं, बोट उघड्या समुद्रात येते आणि वारा जरा जोराचा असला की माणसं हळूहळू गप्प व्हायला लागतात. मघाशी फोटो काढणारे बाबा आता कठडा धरून क्षितिजाकडे एकटक बघतायत. आईने जेवणाचं ताट बाजूला सारलंय. आजी केबिनमध्ये आडव्या झाल्यात, उशाशी लिंबू. आणि ज्याच्यामुळे सगळ्यांनी निघण्यापूर्वी महिनाभर घोर लावून घेतला होता, ते आठ महिन्यांचं बाळ? ते उंच खुर्चीत बसून चमचा आपटतंय आणि मऊ भात मागतंय.

हा काही योगायोग नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट लागणं फार दुर्मिळ आहे. हा त्रास साधारण सहा-सात वर्षांच्या वयात डोकं वर काढतो, नऊ-दहाच्या सुमारास सर्वांत जास्त होतो आणि पुढे वयाबरोबर कमी होत जातो. घरातल्या ज्या माणसाला आपण सर्वांत नाजूक समजतो, तेच समुद्रावर सर्वांत टणक निघतं. असं का व्हावं?

याचं उत्तर शोधायला कानात शिरावं लागतं, तेही थेट आतल्या कानात, कवटीच्या सर्वांत कठीण हाडात. तिथे प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की हा द्रव किंचित मागे रेंगाळतो, नाजूक केसांसारख्या पेशी वाकवतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. शेजारीच दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत बारीक स्फटिकांचा थर असतो, कॅल्शियम कार्बोनेटचा. किनाऱ्यावरचे शिंपले ज्या पदार्थाचे बनतात, तोच हा पदार्थ! शरीर वरखाली झालं, पुढेमागे झालं की हे स्फटिक सरकतात आणि मेंदूला खबर जाते. म्हणजे आपण सगळेच कानात शिंपल्याची भुकटी घेऊन हिंडतो आणि तिच्या जिवावर उभे राहतो.

बोट लागण्यात या अवयवाचा हात किती? संपूर्ण. 1960 च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी आतल्या कानातलं हे यंत्र निकामी झालेल्या काही माणसांना उत्तर अटलांटिकच्या वादळात बोटीवरून नेलं. बरोबरच्या धडधाकट माणसांची त्या वादळात दैना झाली. या मंडळींपैकी एकालाही बोट लागली नाही.

मग बाळाचा आतला कान अजून तयार झालेला नसतो का? इथेच कोडं अवघड होतं, कारण तो अगदी तयार असतो. त्या नळ्या आईच्या पोटात असतानाच मोठ्या माणसाच्या मापाच्या होतात. तुमचं बाळ पुढे दुप्पट-तिप्पट उंच होईल, हात-पाय वाढतील, चेहरा बदलेल, पण आतल्या कानातल्या या तीन कमानी आहेत तेवढ्याच राहतील. सहा किलोच्या जिवात साठ किलोच्या माणसाचं उपकरण! ते चालू असतं याचा पुरावा रोज घरी मिळतो. रडणारं बाळ उचलून डोलवलं की ते शांत होतं. हलणं त्याला जाणवतं, चांगलंच जाणवतं.

तेव्हा गोम कानात नाही, कान आणि डोळे यांच्या भांडणात आहे. केबिनमध्ये बसलेल्या बाबांचे डोळे सांगतात की भिंत स्थिर, टेबल स्थिर, सगळं जागच्या जागी आहे, कारण भिंत आणि टेबल त्यांच्याबरोबरच हलतायत. कान सांगतो की आपण वर गेलो, खाली आलो, डावीकडे कललो. आणि बाबांच्या मेंदूने चाळीस वर्षांत एक पक्का हिशेब बांधलेला असतो: डोळ्यांना असं दिसलं तर कानांना तसं जाणवायला हवं. आज हिशेब जुळत नाही. पण हिशेब चुकला म्हणून उलटी का व्हावी? मिशेल ट्रीझमन या संशोधकाने 1977 मध्ये एक कल्पना मांडली, ती मला आजही विलक्षण वाटते. माणूस घडत होता त्या काळात डोळे आणि कान यांची अशी फारकत बहुधा विषारी काही पोटात गेल्यावरच होत असणार. म्हणून मेंदू घाबरतो आणि पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो. बाबांना विषबाधा झालेली नाही, ते फक्त समुद्रावर आहेत. पण हे त्यांच्या जुन्या मेंदूला कोण सांगणार?

आता बाळाकडे बघा. हिशेब जुळत नाही असं वाटायला आधी हिशेब असावा लागतो. बाळाला तो अजून मांडायचाय. त्याच्यासाठी घरातली स्थिर जमीनही नवी आणि बोटीची हलती जमीनही नवी. त्यात ते बराच वेळ आडवं किंवा कुणाच्या तरी कडेवर असतं. बाळ का सुटतं याची जी कारणं सुचवली जातात, त्यांत मला हेच सर्वांत पटतं.

हा हिशेब मुलं किती आवेशाने मांडायला घेतात हे एडिंबरोत 1974 मध्ये दिसलं. डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन यांनी एक अशी खोली वापरली, जिच्या भिंती आणि छत हलायचं, जमीन मात्र पक्की. त्यात तेरा ते सोळा महिन्यांची, नुकती उभी राहायला लागलेली मुलं उभी केली आणि भिंत जरा सरकवली. पायाखालची जमीन तसूभरही हलली नव्हती, तरी मुलं डगमगली, काही चक्क पडली! आपण पडतोय असं डोळ्यांनी सांगितलं आणि त्यांनी डोळ्यांवर विश्वास टाकला. बोटीवर याच्या नेमकं उलट घडतं, जमीन हलते आणि भिंती स्थिर दिसतात. नुकतं चालायला लागलेलं मूल बोटीवर धडपडेल ते यामुळे. त्याला सहसा उलटी होणार नाही, पण टेंगूळ येऊ शकतं. केबिनमधल्या टेबलांचे कोपरे बघून घ्या.

आता पाळण्याकडे येऊ. त्यात जे दडलंय ते कळल्यापासून मी कुठल्याही पाळण्याकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही. माणसाला सर्वांत जास्त मळमळ कुठल्या हेलकाव्याने होते? 1970 च्या दशकात शेकडो तरुणांना वरखाली हलणाऱ्या खोलीत बसवून हे मोजलं गेलं. उत्तर आलं, साधारण पाच-सहा सेकंदांना एक हेलकावा. त्याहून बरंच वेगाने हलवलं तर त्रास झपाट्याने कमी होतो. समुद्राच्या लाटा नेमक्या याच वेगाच्या आसपास घुटमळतात, हे आपलं दुर्दैव.

आणि पाळणा? झोका किती वेळात पुरा होतो हे दोरीच्या लांबीवर ठरतं. दीड-दोन मीटर दोरीचा पाळणा साधारण अडीच ते पावणेतीन सेकंदांत जाऊन परत येतो. पाच सेकंदांचा संथ, मळमळ आणणारा झोका हवा असेल तर दोरी सहा मीटरहून लांब लागेल, म्हणजे दुमजली घराएवढी. वाड्यातल्या, झोपडीतल्या, झाडाखालच्या झोळीतल्या कुठल्याच बाळाला कुणी इतक्या लांब दोरीवर झुलवलं नाही. भौतिकशास्त्राचा कागद न बघता आपल्या आज्या-पणज्यांनी मळमळीच्या पट्ट्याबाहेरचा झोका वापरला! आईची चाल त्याहूनही जलद. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की आई बाळाला घेऊन चालायला लागली की बाळाचं रडणं तर थांबतंच, शिवाय हृदयाचे ठोकेही काही क्षणांत मंदावतात. नुसतं मांडीवर घेऊन बसल्याने तसं होत नाही. त्यांच्याच 2022 च्या अभ्यासातून निघालेला उपाय बोटीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये फार कामाचा आहे: पाच मिनिटं चाला, बाळ झोपलं की पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, मगच खाली ठेवा.

समुद्रावर बाळ सांभाळण्याची विद्या मुंबईला नवी नाही. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, मुंबई-लंडन प्रवास आठवड्यांवर आला आणि इंग्रज कुटुंबांबरोबर जाणाऱ्या आयांची संख्या वाढली. मॅडम केबिनमध्ये बोट लागून निपचित, आणि डेकवर आया बाळाला अंघोळ घालतेय, भरवतेय, झोपवतेय. यातल्या काही जणी पुन्हा पुन्हा समुद्र ओलांडत. तिकडे पोहोचल्यावर काम संपलं म्हणून वाऱ्यावर सोडल्या गेलेल्याही कितीतरी होत्या. त्यांच्या आसऱ्यासाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ चालवलं जाई. हॅकनीतल्या त्या घरावर 2022 मध्ये स्मृतिफलक लागला. बाळाला घेऊन समुद्रप्रवास कसा करावा याचं ज्ञान त्या बायकांकडे होतं आणि ते कुणी लिहून घेतलं नाही, याची मला फार चुटपुट लागते.

त्यांच्या नशिबी नव्हती अशी एक सोय आज मोठ्या बोटींना असते. पाण्याखाली दोन्ही अंगांना विमानाच्या पंखांसारखे पंख बाहेर येतात. बोट डावीकडे कलायला लागली की यंत्र ते जाणतं आणि पंखांचा कोन असा फिरवतं की वाहतं पाणी डावी बाजू उचलून धरतं आणि उजवी दाबतं. ‘आइल ऑफ सार्क’ या इंग्लिश खाडीतल्या बोटीला 1936 मध्ये असे पंख बसले, आणि आता ते नसलेली क्रूझ विरळा. पंख डावं-उजवं डोलणं थोपवतात, पुढून-मागून वरखाली होणं मात्र तितकं थोपवत नाहीत. म्हणून केबिन घेताना मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या. सी-सॉच्या टोकापेक्षा मधला माणूस कमी हलतो, तेच गणित. बाल्कनीचा मोह बाळ मोठं होईपर्यंत आवरा.

बाळाच्या दुधाच्या बाटलीत घालायचं पाणी बोटीवर कुठून येतं? बरंचसं समुद्रातून. बंद टाकीतली हवा खेचून दाब इतका कमी करतात की समुद्राचं पाणी साधारण 45 अंशांलाच उकळायला लागतं. त्यासाठी लागणारी उष्णता इंजिन थंड करताना फुकट मिळते. वाफ धरायची, मीठ मागे ठेवायचं, मग क्षार आणि क्लोरीन घालायचं. दिवसाला शेकडो टन गोडं पाणी! पण 45 अंशांच्या उकळीने जंतू मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. पावडरचं दूध कालवायला निदान 70 अंशांचं पाणी घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तेव्हा गरम पाणी मागून घ्या आणि दूध निववून द्या.

इतकं सगळं असताना बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ का घेत नाहीत, आणि महासागर ओलांडायचा असेल तर वर्षाचं का मागतात? बोट लागते म्हणून नव्हे, दवाखाना दूर असतो म्हणून. बोटीवर डॉक्टर असतो, नवजातांचा अतिदक्षता विभाग नसतो, आणि हेलिकॉप्टरच्याही टप्प्याला मर्यादा असते. मला हा नियम अगदी रास्त वाटतो. 1912 मध्ये तो असता तर मिल्विना डीन टायटॅनिकवर चढलीच नसती. ती नऊ आठवड्यांची होती, बोटीवरची सर्वांत लहान प्रवासी. वडील गेले, ती, आई आणि भाऊ वाचले. आपण त्या बोटीवर होतो हे तिला आठव्या वर्षी कळलं. 2009 मध्ये, 97 व्या वर्षी ती वारली तेव्हा टायटॅनिकमधून वाचलेलं शेवटचं माणूस गेलं.

त्या अपघातातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय करारात बाळाविषयी एक विचित्र गोष्ट सापडते. वर्षाखालचं मूल त्याच्या व्याख्येनुसार ‘प्रवासी’ नाही! आणि तरी तोच नियम सांगतो की 24 तास किंवा त्याहून लांबच्या सफरीत बोटीवरच्या प्रत्येक तान्ह्यासाठी वेगळं लाइफजॅकेट हवंच. हे 15 किलोखालच्या मुलांचं. एकदा हातात घेऊन बघा: बाळ पाण्यात पडलं तरी तोंड वरच राहील असा त्याचा आकार केलेला असतो. चढल्याबरोबर केबिनमधल्या कर्मचाऱ्याकडे ते मागा आणि घालून बघा, कारण ते आधीच खोलीत ठेवलेलं असेलच असं नाही.

डायपरमधल्या मुलांना बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात का सोडत नाहीत, यावरून आई-बाबा नेहमी हिरमुसतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभराहून जास्त तगतो आणि पोहण्याच्या डायपरला तो अडवता येत नाही. काही बोटींवर वेगळ्या गाळणीचे, फक्त तान्ह्यांसाठीचे कारंजे असतात. तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्या.

आणि तुमचं मूल नुकतं चालू लागलेलं असेल तर एक गोष्ट जरूर करा. न्यूयॉर्कच्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांनी वर्ष-दीड वर्षांच्या मुलांची पावलं मोजली तेव्हा तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं निघालं. इतका सराव कुठला मोठा माणूस करतो? जेवण झाल्यावर त्याला कॉरिडॉरमध्ये अनवाणी चालू द्या, एक बोट धरायला देऊन. नवशिकं मूल पाय फाकवून टाकतं, तोल राखायला. हलत्या डेकवर मोठी माणसंही नकळत तेच करतात. त्याची पावलं बघून झाली की आपली बघा.