दोरी ओढून खांदा गेला, तरी इंजिन सुरू होईना

भाद्रपदातली गोष्ट. इंदापूर तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप मिळाली होती. डाळिंबाच्या बागेत अशा वेळी फवारणी लांबली की तेल्याचा डाग फळावर कधी उमटेल याचा भरवसा नसतो. पुन्हा पाऊस यायच्या आत औषध पानांवर वाळायला हवे होते, आणि फवारणी यंत्राचे पेट्रोल इंजिन काही केल्या सुरू होत नव्हते. दाजी घामाघूम झाले होते.

"पाहुणं, सकाळपास्नं दोरी ओढून खांदा निखळायची येळ आली. प्लगच गेला असणार. बारामतीहून नवा आणतो."

"थांबा दाजी. आहे तो प्लग आधी काढून तरी बघू."

शेतकरी बंधू-भगिनींनो, इंजिन अडले की आपण प्लग बदलतो, मग दिसेल तो स्क्रू पिळतो आणि शेवटी यंत्र मोटारसायकलला बांधून मिस्त्रीकडे नेतो. पुष्कळदा दोष एवढाच असतो की पेट्रोल आत पोचत नाही. ते ओळखायला प्लगपाना, काचेची बाटली आणि थोडा धीर पुरतो.

पाच-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढावा. टोक पेट्रोलने ओले असेल तर पेट्रोल पोचते आहे, दोष ठिणगीत किंवा हवेत शोधावा. टोक कोरडे असेल तर पेट्रोल वाटेत अडले आहे. दाजींचा प्लग कोरडा ठणठणीत होता. खात्रीसाठी मोटारसायकलमधून काढलेल्या ताज्या पेट्रोलचे चार थेंब प्लगच्या भोकातून आत सोडले, बाहेर सांडलेले पुसले, प्लग बसवून दोरी ओढली. इंजिन दोन-चार सेकंद फडफडले आणि बंद पडले. म्हणजे ठिणगी शाबूत होती. नव्या प्लगचे पैसे वाचले. (नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची खोड मात्र सोडा. आणि हे काम चालले असताना जवळपास बिडी नको, इंजिनही थंड हवे.)

शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही तर आपण दाऱ्यापासून पाट धरून चालत जातो. इथेही तसेच करायचे. कार्बोरेटरजवळ नळी सोडवून बाटलीत धरली आणि कॉक उघडला. धार सलग लागली. बाटली तशीच कट्ट्यावर ठेवली.

धार बारीक होत थांबली असती, तर टाकीचे झाकण सैल करून पाहिले असते. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या भागात ओळखीच्या एका घरी पंप रोज पंधरा मिनिटे चालून बंद पडायचा. घरच्या बाईंनी पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. हेतू चांगला, पण टाकीचा श्वासच कोंडला होता! झाकण सैल करूनही धार लागली नाही, तर कॉकची जाळी किंवा नळी तुंबलेली असते.

आमची धार चांगली होती, म्हणून कॉक बंद करून कार्बोरेटरची खालची वाटी उतरवली. तळाशी चिकट पिवळा थर आणि पांढरी भुकटी. जेटच्या भोकातून उजेडही दिसेना. ताज्या पेट्रोलने तो धुतला आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. त्यात तार किंवा सुई घालू नये. भोक रुंदावले की इंजिन कायमचे जादा पेट्रोल पिऊ लागते. चोक ओढल्यावरच चालणारे इंजिन बहुतेक याच तुंबलेल्या जेटची तक्रार सांगत असते. काळा धूर आणि गळणारे पेट्रोल ही उलट गोष्ट. तिथे फ्लोटची सुई अडकली आहे का, हवेची जाळी तुंबली आहे का, ते पाहावे.

तेवढ्यात ताईने बाटली उजेडात धरली. "अरे, खाली हे पाणी कसलं?" पेट्रोलच्या तळाशी खरेच वेगळा थर दिसत होता.

त्याचे कारण आपल्याच शिवारात आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हा साखर कारखान्यांचा मुलूख. उसाच्या रसापासून आणि मळीपासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. देशात हे मिश्रण 2022 साली 10 टक्क्यांवर आणि 2025 साली 20 टक्क्यांवर गेले. उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, तेव्हा त्याला नावे ठेवायची नाहीत. पण त्याचा स्वभाव ओळखून असावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. कॉक तर तळातूनच ओढतो. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, त्या अधूनमधून चाचपून पाहाव्यात.

दाजींच्या टाकीत उन्हाळ्यातले पेट्रोल होते आणि कॅनचे झाकण कधीच हरवले होते. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटीत काही उरत नाही. पेट्रोल लागेल तेवढेच आणावे.

टाकी झाडून पुसून ताजे पेट्रोल घातले. तिसऱ्या ओढीला इंजिन लागले. संध्याकाळी पाऊस आला तोवर औषध वाळले होते. दोन ओळी मात्र राहिल्या, कारण मोटारसायकलमध्ये पेट्रोल तेवढेच होते.