‘स्टीव्ह’ नावाची बाई, सहा पाउंड आणि घरून चालणारी कंपनी



आज एक चूक आधी कबूल करतो, मग विषयाकडे येतो.

आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक ताई कामाला होत्या. काज-बटण, पँटची उंची कमी-जास्त करणं, फिनिशिंग, सगळ्यात त्यांचा हात साफ. एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, "दादा, सासूबाई अंथरुणावर आहेत. मी अकरा ते चार येते, बाकीचं घरी करून देते." मी म्हणालो, "ताई, दुकानाची वेळ म्हणजे वेळ. एकीला सूट दिली तर सगळ्या मागतील." ताईंनी काम सोडलं. जूनच्या सीझनमध्ये माझ्याकडे ऑर्डरींचा ढीग, नवीन मुलीकडून बटणं उलटीसुलटी आणि काउंटरवर चिडलेले पालक. मी माझ्या सगळ्यात चांगल्या कारागिराला घालवलं होतं, तेही फक्त घड्याळासाठी.

पुढे एकदा ट्रेनिंगच्या तयारीत डेम स्टेफनी शर्ली यांच्याबद्दल वाचलं. माझा प्रश्न या बाईंनी १९६२ मध्येच सोडवला होता, आणि तोही सॉफ्टवेअरच्या धंद्यात!

कोण होत्या या?

जन्म १९३३, जर्मनीतलं डॉर्टमुंड. वडील न्यायाधीश आणि ज्यू, त्यामुळे नाझींच्या राज्यात नोकरी गेली. १९३९ मध्ये ज्यू मुलांना वाचवण्यासाठी ज्या रेल्वेगाड्या सोडल्या गेल्या, त्यातल्या एकीत पाच वर्षांची ही मुलगी नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर इंग्लंडला पोचली. अनोळखी घरात वाढली. पुढे पोस्ट ऑफिसच्या संशोधन केंद्रात नोकरी आणि संध्याकाळच्या वर्गांतून गणिताची पदवी. तिथे काँप्युटरशी ओळख झाली. पण काम कितीही चांगलं केलं तरी बाईला एका पायरीच्या वर जाता येत नव्हतं.

म्हणून १९६२ मध्ये त्यांनी घरातूनच ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ सुरू केली. भांडवल किती? सहा पाउंड. दुसऱ्या कंपन्यांना सल्ला द्यायचा आणि प्रोग्राम लिहून द्यायचे. लोक हसले. तेव्हा सॉफ्टवेअर मशीनबरोबर फुकट मिळायचं. ते विकत कोण घेणार, आणि तेही एका बाईकडून?

त्यांनी धंद्यासाठी पत्रं पाठवली, उत्तरच येईना. नवरा डेरेक म्हणाला, "सहीत स्टेफनीऐवजी स्टीव्ह लिही." लिहिलं, आणि भेटीची बोलावणी यायला लागली. बाई प्रत्यक्ष दारात उभी राहीपर्यंत समोरच्याला कळायचं नाही की ‘स्टीव्ह’ म्हणजे ही. शेवटपर्यंत त्यांना लोक याच नावाने ओळखत होते.

माणसं कुठून आणली?

लग्न किंवा मूल झालं म्हणून नोकरी सोडलेल्या शिकलेल्या बायका बाजारात होत्या, पण त्यांना कुणी घेत नव्हतं. शर्लीबाईंनी नेमक्या त्याच घेतल्या. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत २९७ बायका! काम घरून. लॅपटॉप नाही, इंटरनेट नाही. प्रोग्राम कागदावर पेन्सिलने लिहायचा, पोस्टाने पाठवायचा, तिकडे तो कार्डावर किंवा कागदी पट्टीवर पंच व्हायचा आणि पुन्हा तपासला जायचा. घरात लहान बाळ. फोनवर ग्राहकाला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून शर्लीबाई टाइपरायटरच्या खटखटीची टेप मागे लावायच्या, म्हणजे वाटावं मोठं ऑफिस आहे!

काँकॉर्ड हे आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणारं प्रवासी विमान आठवतंय? त्याच्या ब्लॅक बॉक्सच्या प्रोग्रामिंगचं काम याच बायकांनी घरात बसून केलं.

आता खरा धडा: तासाचा भाव की कामाचा भाव?

इथे जरा थांबा, आपल्या धंद्याला हेच सगळ्यात जास्त लागू आहे.

तासावर पैसे घेतले की ग्राहक विचारणार, किती माणसं, किती वाजता येतात, कुठे बसतात? घरून आणि अर्धवेळ काम करणाऱ्या टीमची तिथेच अडचण होणार. म्हणून त्यांनी पूर्ण कामाचा ठरलेला भाव द्यायला सुरुवात केली. असं करणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ही एक. ग्राहकाचे प्रश्न तीनच उरले: कधी, केवढ्याला, आणि बरोबर चालेल ना?

पण लक्षात घ्या, ठरलेला भाव दिला की जोखीम आपल्या गळ्यात येते. अंदाज चुकला तर नुकसान आपलं. म्हणजे शिस्त लागतेच, फक्त ती घड्याळाची नाही, कामाची. त्यांनी काम मोजायच्या आणि तपासायच्या पद्धती लिहून काढल्या. त्या इतक्या पक्क्या होत्या की पुढे नाटोनेही स्वीकारल्या.

आमच्या दुकानात मी हे असं बसवलं:

१. दहा शर्टांच्या काज-बटणाला खरंच किती वेळ लागतो ते मोजलं. एक शर्ट मोजून गुणाकार केला नाही.
२. त्यात उसवून पुन्हा करण्याचा, नेण्या-आणण्याचा वेळ धरला. मगच नगाचा भाव ठरवला.
३. ‘चांगलं काम’ म्हणजे काय, त्याचा एक नमुना शर्ट प्रत्येकीच्या घरी दिला.
४. तारीख पक्की. वेळ ज्याची त्याची.

स्वस्त मजुरी म्हणजे हे नव्हे

"घरून काम म्हणजे कमी पैसे दिले तरी चालतं", असं कुणी समजत असेल तर तो या गोष्टीतून काहीच शिकला नाही. शर्लीबाईंनी कंपनीचा पहिला चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हातात दिला, तोही स्वतःच्या वाट्यातून. १९९१ मध्ये कंपनीचा ताबाच कर्मचाऱ्यांकडे गेला. पुढे शेअर बाजारात आल्यावर यातले सत्तर जण लखपती नव्हे, पाउंडांत मिलियनेअर झाले. हीच कंपनी पुढे झान्सा झाली, नोएडा आणि चेन्नईतही तिचं मोठं काम होतं.

सगळं गोड नव्हतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत कंपनी अडचणीत आली. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला, आणि गंमत बघा, बायकांसाठी केलेल्या कायद्यामुळे यांना पुरुषांनाही घ्यावं लागलं!

घरी तर आणखी कठीण. एकुलता एक मुलगा जाईल्स अडीच वर्षांचा असताना बोलणं विसरत गेला. त्याला तीव्र ऑटिझम होता. १९९८ मध्ये, ३५ व्या वर्षी तो गेला. घरी अशी जबाबदारी असलेली बाई स्वतःच मालक होती, म्हणून तिला अशाच घरांतल्या बायकांची अडचण समजत होती.

१९९३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्याआधीच ब्रिटिश काँप्युटर सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष होऊन गेल्या होत्या. नंतर ऑटिझमग्रस्तांसाठी निवास, शाळा आणि संशोधन संस्था उभ्या केल्या, ऑक्सफर्डच्या इंटरनेट संशोधन संस्थेला मोठी देणगी दिली. आपल्या संपत्तीतला बहुतेक वाटा वाटून टाकला. ऑगस्ट २०२५ मध्ये, ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात वही घ्या. दुकानातल्या कामांची यादी करा आणि दोन रकाने पाडा: ‘इथेच, याच वेळी व्हायला हवं’ आणि ‘वेळेत झालं की झालं’. काउंटर पहिल्यात जाईल. पण हिशेब, पॅकिंग, शिलाई, व्हॉट्सॲप ऑर्डरींची उत्तरं? दुसऱ्या रकान्यात किती निघतं बघा. मग आठवा, घड्याळामुळे तुमच्याकडून कोण गेलं.

मीही मागच्या वर्षी त्या ताईंच्या घरी गेलो. माफी मागितली, पद्धत समजावली. त्या म्हणाल्या, "दादा, आता मी स्वतःच ऑर्डरी घेते. तुमच्या भावात मला परवडत नाही." मग भाव त्यांनी सांगितला, मी मान्य केला. आज आमचं निम्मं फिनिशिंग त्यांच्याकडे जातं, त्यांच्या वेळेत. जूनमध्ये एकही ऑर्डर उशिरा गेली नाही.

तुमचे दोन रकाने काय निघाले ते नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!