३५० चे ३८३ करताना: क्रँकशाफ्ट कसा निवडावा

अमेरिकेत जुन्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवायची म्हटले की शेव्हर्लेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ चे नाव निघतेच. १९५५ मध्ये २६५ घनइंचांपासून सुरू झालेल्या या कुळातले सर्वांत परिचित इंजिन म्हणजे ३५०, अर्थात ५.७ लिटरचे. १९६७ च्या कॅमॅरोत ते पहिल्यांदा आले. हे इंजिन पुन्हा बांधताना त्याचे ३८३ करणे ही तिथली जुनी, मुरलेली रीत आहे.

हिशेब सोपा आहे. ३५० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०१.६ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.४ मिमी. झिजलेले सिलिंडर ०.७६ मिमी वाढवून कापले की इंजिन ३५५ घनइंचांचे होते. त्याच ब्लॉकमध्ये ९५.२५ मिमी स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवला की ३८३ होते, म्हणजे सुमारे ६.३ लिटर. वाढलेल्या ३३ घनइंचांपैकी २८ एकट्या क्रँकची कमाई असते.

पण ही कमाई फुकट नाही. ६,००० आरपीएमला ३५० चा पिस्टन सरासरी सेकंदाला १७.७ मीटर धावतो, ३८३ चा १९ मीटर. प्रत्येक फेरीत तो वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो. अर्ध्या किलोचा पिस्टन त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला, आणि रॉडमार्फत क्रँकला, जवळजवळ सव्वा टनाच्या जोराने ओढतो. हा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० चे ७,००० केले तर तो ३६ टक्क्यांनी चढतो. म्हणून दुकानदाराने ‘किती हॉर्सपॉवर?’ विचारले तर ‘किती आरपीएमपर्यंत?’ हेही सांगावे.

दुसरी किंमत क्रँकच्या आकारातच दडलेली आहे. ब्लॉकमध्ये फिरणारी मुख्य जर्नल आणि रॉड धरणारी जर्नल बाजूने पाहिली तर एकमेकींवर काही अंशी चढलेली दिसतात. या चढीवर क्रँकचा ताठपणा अवलंबून असतो. ३५० मध्ये ती सुमारे १३.६ मिमी असते. स्ट्रोक वाढवला की रॉडची जर्नल केंद्रापासून दूर सरकते आणि चढ १०.२ मिमीवर येते. ९५.२५ मिमीचा स्ट्रोक मुळात शेव्हर्लेच्या ४०० इंजिनाचा. तिथे कंपनीने मुख्य जर्नल ६७.३ मिमी जाड ठेवली होती. ३५० मध्ये ती ६२.२ मिमी असते. पूर्वी ४०० चा क्रँक ग्राइंड करून ३५० च्या मापाला आणत आणि त्यातूनच ३८३ बनवत. आता त्याच मापाचे तयार क्रँक मिळतात, पण भूमिती तीच राहते. म्हणून धातू चांगला हवा.

धातूआधी मात्र एक साधी गोष्ट पाहावी: ब्लॉक कोणत्या काळातला आहे? १९८६ पासून मागचे ऑइल सील एकसंध झाले; त्याआधी ते दोन तुकड्यांचे होते. दोन्हींच्या क्रँकची मागची फ्लँज वेगळी असते आणि फ्लायव्हीलही वेगळे लागते. इथे चूक झाली तर उरलेले सारे बरोबर असून उपयोग नाही.

आता धातू. मूळचे बहुतेक क्रँक ओतीव लोखंडाचे. त्यावर ओतीव पोलादाचे, त्यावर घडीव, म्हणजे फोर्ज्ड. पुण्यात मुंढव्याच्या भारत फोर्जमुळे हा शब्द आपल्याला नवा नाही. तापलेले पोलाद साच्यात दाबले की त्याचे कण क्रँकच्या वळणांसोबत वळतात, म्हणून तो वारंवारच्या ताणाला टिकतो. घडीव क्रँकसाठी ४३४० हे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले पोलाद सर्वमान्य आहे. जुन्या बाजारात क्रँक ओळखायचा तर त्याच्या भुजेवरची साच्याची रेघ पाहावी: बारीक असेल तर ओतीव, रुंद असेल तर घडीव.

क्रँक क्वचितच एका झटक्यात मोडतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा तो थकून मोडतो, आणि चीर बहुधा जर्नल जिथे भुजेला मिळते त्या कोपऱ्यात सुरू होते. म्हणून तो कोपरा गोलाईदार हवा. गोलाई मोठी असेल तर बेअरिंगची कडही तासलेली घ्यावी, नाहीतर ती घासते. नायट्रायडिंग केलेल्या क्रँकचा पृष्ठभाग कठीण असतो, पण पुढे जर्नल पुन्हा ग्राइंड केली तर तो थर निघून जाऊ शकतो. वापरलेला क्रँक घ्यायचा असेल तर चुंबकीय कणांनी चिरा तपासून घ्याव्यात.

क्रँक ठरला की रॉड आणि पिस्टन त्याच्याशी जुळवायचे. ब्लॉकची उंची ठरलेली असल्याने स्ट्रोक वाढला की पिस्टनची पिन वर सरकवावीच लागते. १४४.८ मिमीचा रॉड ठेवला तर पिनपासून माथ्यापर्यंत सुमारे ३६ मिमी उरतात, १५२.४ मिमीचा घेतला तर २८.६. लांब रॉड पिस्टनला भिंतीवर कमी रेटतो, पण पिन रिंगांच्या खोबणीपर्यंत पोहोचते. रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही चालतात.

मग संतुलन. ९० अंशांच्या व्ही-८ मध्ये प्रत्येक रॉड-जर्नलवर एक वजन बांधून क्रँक तोलतात: फिरणाऱ्या भागांचे पूर्ण वजन आणि वर-खाली होणाऱ्यांचे अर्धे. ४०० मध्ये क्रँकच्या प्रतिभारांना जागा अपुरी पडली, म्हणून उरलेला तोल पुढच्या डॅम्परवर आणि फ्लायव्हीलवर टाकला होता. जास्त आरपीएमसाठी तोल आतच साधणे चांगले. गरज पडली तर प्रतिभारात टंगस्टनच्या जड कांड्या बसवतात. पिस्टन किंवा रॉड नंतर बदलले तर तोल पुन्हा करावा लागतो, म्हणून सगळा संच ठरल्याशिवाय क्रँक तोलायला देऊ नये.

शेवटी कोरडी जुळणी. क्रँक, रॉड आणि पिस्टन बसवून इंजिन हाताने पूर्ण फिरवावे. ३८३ मध्ये रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कॅमशाफ्टला भिडू शकतात. ब्लॉकपासून सगळीकडे दीड मिमी मोकळीक मिळेपर्यंत त्याची कड घासावी; कॅमशाफ्टपासूनही रॉड मोकळा फिरतो ना, ते पाहावे. मुख्य बेअरिंगमध्ये तेलासाठी साधारण ०.०६ मिमी जागा सोडतात.

मग निवड काय? रोज चालणाऱ्या आणि ५,५०० आरपीएमच्या आत राहणाऱ्या ३८३ ला चांगला ओतीव पोलादाचा क्रँक पुरतो. टर्बो, सुपरचार्जर किंवा नायट्रस लावायचे असेल, अथवा सुई वारंवार ६,५०० च्या पुढे जाणार असेल, तर ४३४० घ्यावा. आणि जास्त ताकदीची गरजच नसेल, तर चिरा तपासून ग्राइंड केलेला मूळ ३५० चा क्रँक ही सर्वांत स्वस्त आणि कित्येकदा सर्वांत शहाणी निवड ठरते. वाचलेले पैसे सिलिंडर हेडवर खर्च केले तर ताकद तिथूनही मिळते.